मैलूरच्या लिंबाखाली येशूची तहकीकात

मेलेला माणूस खरोखर कधी जगला होता की नव्हता, हे ठरवण्याबद्दल मला पगार मिळायचा. असं सांगितलं की माझी नातवंडं हसतात. हसू देत बापडी. निजामाच्या राज्यात इनामांची चौकशी करणारी एक कचेरी असायची आणि तिच्या बीदरच्या शाखेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. चौकशीला तेव्हा तहकीकात म्हणत, म्हणून लोक मला 'तहकीकात अण्णा' म्हणायचे. हे तोंडावर. पाठीमागं काय म्हणायचे ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

काम साधं होतं. गावोगाव साधूंच्या समाध्या, मठ, फकिरांचे तकिये. कुण्या साधूच्या नाहीतर फकिराच्या नावानं जुन्या काळी कुणीतरी जमीन इनाम दिलेली आणि तिच्यावर दिवाबत्ती करणाऱ्यांची घरं चाललेली. मध्येच एखादा अर्ज टाकायचा, की हा साधू झालाच नाही, समाधी पोकळ आहे, जमीन सरकारजमा करा. अर्ज टाकणारा बहुतेक वेळा शेजारच्या बांधाचा मालक निघायचा, हे सांगायला नकोच. मग आमची स्वारी बैलगाडीतून निघायची. साधू मोठा होता का, त्यानं नदीवरून चालून दाखवलं का, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसायचं. चमत्कार आमच्या खात्यात येत नव्हते. माणूस होता का, एवढंच बघायचं.

हे काम मला शिकवलं मुनीरसाहेबांनी. ते माझे वरिष्ठ. अंगानं काटकुळे, तोंडात कायम पान, आणि खोटं बोलणाऱ्यावर त्यांचा मनापासून लोभ. "सच्चा आदमी तो सब बोल देता, उसमें क्या मजा!" असं म्हणायचे. पहिल्याच दौऱ्यात मी पुजाऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचा जबाब लिहायला लागलो, तर त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "मियाँ, पहले दुश्मन के घर चलो." दुश्मन म्हणजे अर्जदार नव्हे, तो पढवलेलाच असतो. गावातला असा माणूस शोधायचा, की ज्याच्या घराण्याचं त्या मठाशी पिढ्यान्पिढ्या वाकडं आहे. तसा एक म्हातारा आम्हाला सापडला. साधूचं नाव काढताच तो कडाडला, "कसला साधू आलाय! लबाड होता. माझ्या पणज्याचा बैल घेऊन गेला तो आजून परत न्हाई!" मुनीरसाहेब एकदम खूश. बाहेर आल्यावर मला म्हणाले, की जो झालाच नाही त्याच्यावर कुणी पिढीजात राग धरत नाही.

आळंदजवळच्या एका तकियाच्या प्रकरणात चार म्हाताऱ्यांनी जबाब दिले आणि चौघांचे शब्दन्शब्द एक. मी तर भारावून गेलो, केवढी ही एकवाक्यता! मुनीरसाहेबांनी पान थुंकलं आणि एकाला मध्येच अडवून विचारलं, "फकीर गावात आला त्याच्यानंतरचं राहू दे, त्याच्या आधी कुठं होता?" म्हातारा गडबडला. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, शाळेत पाढा म्हणतात तसं. खरी गोष्ट कुठूनही धरली तरी सांगता येते. पाठ केलेली पहिल्या ओळीपासूनच निघते. तो फकीर आम्ही निकालात काढला.

याच्या उलट अफजलपूरकडे भीमेच्या काठी वाळूअप्पा नावाच्या साधूची समाधी. तिथं कुणाचं कुणाशी जुळेना. एक म्हणे सोलापूरकडून आला, एक म्हणे कल्याणीकडून. कुणी लंगडा म्हणे, कुणी पैलवान. मी कपाळाला हात लावला. पण एका गोष्टीवर सगळे एक होते आणि ती सगळेच मान खाली घालून सांगत. गुरं चोरल्याच्या आळावरून पाटलानं वाळूअप्पाला चावडीपुढं बांधून मारलं आणि त्यातच तो गेला. पुजाऱ्यानं अक्षरशः माझे पाय धरले. "सगळं लिवा सायेब, पर तेवढं नका लिवू. आमच्या अप्पाची अब्रू जाती." मुनीरसाहेब म्हणाले, "वोइच लिखो. झूट बनानेवाला अपनी नाक आप नै काटता, मियाँ." तेच लिहिलं, आणि त्याच एका गोष्टीवर इनाम कायम झालं. त्या गावात अजून वाळूअप्पाचा दिवा लागतो आणि त्यात माझं बोटभर तेल आहे, असं मी समजतो. तेवढा अभिमान बाळगू द्या.

आता दानियल मास्तरांचं सांगतो.

बीदरला मैलूर भागात ते राहायचे. मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि दर रविवारी प्रवचन करायचे. पण जन्म वाळूअप्पाच्याच गावचा, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरातला. तेव्हाचं नाव दत्तू. शिकायला म्हणून बीदरला आले आणि ख्रिस्ती झाले. गावात हलकल्लोळ झाला, आणि आई, भिमक्का, लेकाच्या उंबऱ्याला शिवेनाशी झाली. दोन-तीन वर्षांतून एकदा मोटारीनं यायची, अंगणातल्या लिंबाखाली बसायची, घरून बांधून आणलेली भाकरी खायची, सार्वजनिक आडाचं पाणी प्यायची आणि लेकाला डोळेभर बघून परत जायची. लिंबाखाली का, तर म्हणे, "झाडाला कुठं जात आस्ती?"

एका रविवारी मास्तर माझ्या घरी आले. तोंड उतरलेलं. हैदराबादेतल्या कुण्या मित्रानं त्यांना एक विलायती पुस्तक पाठवलं होतं. त्यात म्हटलं होतं की येशू नावाचा माणूस झालाच नाही, जुन्यापान्या देवांच्या गोष्टी जोडून लोकांनी तो तयार केला.

"मग त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "श्रद्धेला काय पुरावा लागतो?"

"मला लागतो, अण्णा," मास्तर म्हणाले. "देव हाय का न्हाई हे मी इचारतच न्हाई. पर त्या माणसापायी मी आई तोडली. तो माणूसच झाला नसंल तर मी कुणापायी तोडली? तुम्ही आमच्या वाळूअप्पाची तहकीकात केलाव. आता याची करा. तुम्ही न्हाई म्हणालात तर मी राजीनामा देऊन गावाकडं जातो. प्रायश्चित्त म्हणतील ते घेतो, आईच्या हातचं खातो आणि नांगर धरतो."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, त्यांच्या दुःखापेक्षा मला कुतूहलच जास्त होतं. जन्मभर तकिये आणि समाध्या उकरल्या, पण अर्धं जग ज्याच्यापुढं गुडघे टेकतं त्याची फाईल कुणाच्या वाट्याला येते? तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही मैलूरच्या त्या लिंबाखाली बसायला लागलो. मास्तर मोठ्या पाद्र्यांच्या कपाटातली पुस्तकं काखेत मारून आणायचे, वाचून मराठीत सांगायचे, आणि मी पेरू खात उलटतपासणी घ्यायचो.

पहिला प्रश्न माझा ठरलेला. प्रत्यक्ष पाहणाऱ्यानं लिहिलेलं काय आहे?

"काही न्हाई," मास्तर म्हणाले. "त्यानं स्वतः ओळ लिहिली न्हाई. चार चरित्रं आहेत, पण ती तो गेल्यावर पिढीभरानं आणि त्याच्याही नंतर लिहिलेली. लिहिणारे सगळे भक्त."

"म्हणजे पुजाऱ्याचे जबाब. बाजूला ठेवा. दुश्मन आणा."

दुश्मन निघाले. एक रोमन इतिहासकार, या पंथाचा मनस्वी तिटकारा असलेला. त्यानं लिहून ठेवलं होतं, की यांच्या मूळपुरुषाला आमच्या सुभेदारानं देहान्ताची शिक्षा दिली. माझ्या अंगात मुनीरसाहेब संचारले. पण मास्तर बारीक. म्हणाले, "अण्णा, हा बी दोन पिढ्यांनंतरचा. त्यानं सरकारी दप्तर बघितलं का ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकलं, काय ठावं?" बरोबर होतं. मी साक्ष अर्धी धरली. त्या तहकीकातीत ही एक मौज होती, की ज्याचा जीव त्यात अडकलेला तोच दर वेळी फिर्यादीची बाजू लढवायचा. मी कधी कधी वैतागायचो. "अहो मास्तर, तुम्हाला तो असायला हवाय का नसायला?" ते म्हणायचे, "खरा हवाय."

मग एक यहुदी इतिहासकार आला. त्याच्या ग्रंथात येशूची स्तुती एका जागी इतकी, की हाच तारणारा होता! येशूला न मानणारा यहुदी माणूस असं लिहील? आमच्याकडं जुन्या सनदेत मागाहून कुणी दोन ओळी घुसडल्या की शाई लगेच चुगली करायची. इथं शाई दिसत नव्हती, पण वास तोच. ती स्तुती मी खोडली. पण त्याच ग्रंथात दुसऱ्या जागी भलत्याच भानगडीचं सांगताना तो सहज म्हणून जातो, की याकोब नावाच्या माणसाला दगडांनी मारलं, 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्याचा भाऊ'. ना स्तुती, ना निंदा. रस्त्यानं जाताना एखाद्याची ओळख सांगावी तसं. घुसडणारा माणूस इतका कोरडा राहत नाही. ही साक्ष मला आवडली.

आणि त्याच याकोबाचं नाव पौलाच्या पत्रांत निघालं. हा पौल आधी या पंथाचा छळ करणारा, पुढं त्याचाच प्रचारक झालेला. त्याची पत्रं चारी चरित्रांच्या आधीची. तो लिहितो, की मी यरुशलेमेला गेलो तेव्हा प्रभूचा भाऊ याकोब मला भेटला.

मी पेरू खाली ठेवला. "भाऊ भेटला? मास्तर, गोष्टीतल्या माणसाला भाऊ असंल, पण तो गावात गेल्यावर भेटत नसतो!"

"थांबा," मास्तर म्हणाले. "पुस्तकवाला म्हणतो, ते सगळे एकमेकांना भाऊच म्हणत होते. आपल्याकडं न्हाई का, दिसला माणूस की अण्णा?"

इथं मात्र मी त्यांना सोडलं नाही. आपल्या मुलखात सगळेच अण्णा, हे खरंच. म्हणूनच आपण विचारतो की सख्खा का चुलत. सगळेच प्रभूचे भाऊ असते, तर तिथल्या इतर मोठ्या माणसांना नुसत्या नावानं ओळखवून या एकालाच 'प्रभूचा भाऊ' कशाला म्हणावं? शिवाय या पौलाचं त्या लोकांशी धड पटतही नव्हतं, त्यांच्यातल्या एकाशी तर पंगतीवरून चारचौघांत भांडण झालेलं. भांडणाच्या साक्षीला आम्ही कचेरीत सोन्याचा भाव देत होतो.

मग आम्ही चरित्रांकडं वळलो, आणि मी त्यांत तेवढंच शोधायला लागलो जे भक्तांना अडचणीचं होतं. सापडायला वेळ लागला नाही. यहुद्यांच्या जुन्या भविष्यानुसार तारणारा बेथलेहेमचा हवा होता, आणि हा नासरेथ नावाच्या कुणी न ऐकलेल्या खेड्याचा. म्हणून दोन चरित्रकार त्याला जन्मापुरतं बेथलेहेमला नेतात, आणि दोघांची वाट वेगळी. नवाच बनवायचा होता तर सरळ बेथलेहेमचाच बनवला असता, नासरेथचं लचांड कोण गळ्यात घेतो? दुसरं, यानं योहान नावाच्या दुसऱ्याच साधूकडून दीक्षा घेतली. आमच्या मुलखात आपला मूळपुरुष दुसऱ्या मठाचा चेला होता, हे एखाद्या मठाकडून कबूल करून घेऊन दाखवा, लाठ्या निघतील! पुढची चरित्रं या दीक्षेवर सारवासारव करत जातात, हेही मास्तरांनीच दाखवलं. आणि शेवटी ते मरण. भर रस्त्यावर, चोरांच्या शेजारी, खिळे ठोकून. माझ्या डोळ्यांपुढं वाळूअप्पाची चावडी आली.

एवढ्यात एक दिवस भिमक्का माझ्या घरी आली. तिला लेकानं पत्रातून सगळं कळवलं होतं. निकाल लागेपर्यंत म्हणून गावच्या ओळखीच्या घरी बीदरात उतरली होती. माझ्या बायकोनं ताक दिलं ते घेतलं आणि माझ्यापुढं जमिनीवर बसली. उठून पाटावर बसा म्हटलं तर ऐकेना.

"सायेब, तुमी आमच्या वाळूअप्पाला होता म्हणलाव, म्हणून आमच्या गावात दिवा लागायलाय. तुमच्या शब्दाला वजन हाय. आता ह्या परदेशी बाबाला एकडाव न्हाई म्हणा की. तुमचं काय जातंय त्यात? तो तिकडं साता समुद्रापल्याड, त्याला काय कळतंय? माझं लेकरू घरी येतंय, बाबा."

तिनं वाकून माझे पाय धरले. जमिनीसाठी पाया पडणारे मी पुष्कळ बघितले होते, लेकरासाठी पाया पडणारी ही पहिलीच. ती गेल्यावर बायको म्हणाली, "एक नाही म्हणायला काय लागतं हो तुम्हाला? मला तर ऊठसूट म्हणता." मी तिच्यावर ओरडलो, आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. पुरावा कधीच सोळा आणे नसतो, हे मला ठाऊक होतं. थोडं इकडं झुकलो असतो तर 'नाही' म्हणणं काही अगदी खोटंही ठरलं नसतं. ही गोष्ट मला फार छळत होती.

पुढच्या रविवारी मास्तरांना म्हटलं, "काही राहिलंय का? असं काही, जे तुम्ही प्रवचनात वाचत नाही?"

मास्तर पुस्तकाची पानं उगाच मागंपुढं करायला लागले.

"आहे एक. जुन्यात जुन्या चरित्रात. ते नका मोजू, अण्णा."

ते नका मोजू! वाळूअप्पाच्या पुजाऱ्यानं माझे पाय धरून हेच म्हटलं होतं. मी म्हणालो, "वाचा."

त्यांनी वाचलं. येशू उपदेश करत फिरत होता तेव्हा त्याच्या घरच्यांना वाटलं की याला वेड लागलंय, आणि ते त्याला धरून न्यायला निघाले. त्याची आई आणि भाऊ आले, दाराबाहेर उभे राहिले आणि आत निरोप पाठवला. तो आत गर्दीत बसलेला. तो म्हणाला, "माझी आई कोण?" आणि उठला नाही. पुढच्या चरित्रांत आईचं येणं आहे, पण ते वेड लागल्याचं गाळून टाकलंय.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मला वेगळं काही बोलायची गरजच राहिली नाही. ज्याची पूजा करायची त्याला त्याची आईच वेडा समजून न्यायला आली, ही गोष्ट कुठला भक्त आपल्या पदरची रचेल?

"मास्तर," मी म्हणालो, "तो देव होता का, हे आमच्या कचेरीत कळत नाही. पण माणूस होता. शपथेवर सांगणार नाही, पण इनाम कायम करण्याइतका होता."

मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी डोळे पुसले, पण त्यात आनंद नव्हता. "म्हणजे आता आईला सांगायला पाहिजे," म्हणाले. "तुम्ही या, अण्णा. माझ्यानं होणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी भिमक्का आली आणि लिंबाखाली आपल्या जागी बसली. भाकरीचं गाठोडं शेजारी. मास्तर दारातच उभे. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं, "होता, भिमक्का."

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "कामून म्हणता होता?"

मी रोमन सांगितला, भाऊ सांगितला, नासरेथ सांगितलं. ती ऐकत होती, पण नजर जमिनीवर. मग म्हणालो, "त्याची आई त्याला घरी न्यायला आलती. घरचे म्हणत होते, येडं झालंय पोरगं. ती दाराबाहेर उभी राहिली आणि आत निरोप धाडला."

भिमक्कानं मान वर केली. "मंग?"

"तो आला न्हाई."

"आईला बाहीर उभी केली?"

"व्हय."

तिनं एकदा दारातल्या लेकाकडं बघितलं. "आन् हे ह्यांच्या पोथीत लिवलंय? लपवलं न्हाई?"

"न्हाई."

"मंग आसंल बाबा तो," ती म्हणाली. "असली गोष्ट कोण उगं कशाला लिवंल?" मुनीरसाहेब असते तर पान थुंकून उभे राहिले असते. मग तिनं विचारलं, "त्या बाईचं फुडं काय झालं?"

मी मास्तरांकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "त्याला टांगलं तवा ती खाली उभी होती, अव्वा."

माझ्यातला कारकून मेला कधीच नाही. मी म्हणालो, "हे चौघांतला एकटाच सांगतो, भिमक्का. मी ते कच्चं धरलंय."

"कच्चं कामून?" ती माझ्यावर खवळली. "लेकरू टांगल्यावर आई कुठं जाईल? तिथंच आसंल ती. तुमी पक्कं लिवा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा निकाल असा भर अंगणात कुणी फिरवला नव्हता. मी म्हटलं, "पक्कं लिहितो."

तिनं गाठोडं सोडलं, आपली भाकरी काढली, चटणीशी खाल्ली. लेकाला अर्धी दिली, ती त्यांनी उभ्यानंच खाल्ली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "पाणी आण."

मास्तरांनी सवयीनं घागर उचलली. "आडावरनं घेऊन येतो."

"आडावरचं कशाला?" भिमक्का म्हणाली. "तुझ्या घरात पाणी न्हाई का?"